हातचा एक

मॉल्व्हर्नच्या डोंगराखाली शाळेचं मैदान,
आठ देशांची पोरं, पंधरा वर्षांखालची,
मिसरूड फुटायच्या जरा अलीकडे, जरा पलीकडे,
आणि लाकडी खोक्यात मी नि डेरेक हॅलम,
दोन वह्या, एक थर्मास.

इथे मला मिसेस पेंडर म्हणतात.
पेंढरकर त्यांच्या तोंडात मावत नाही.
एकतीस वर्षं हॉस्पिटलात पगारपत्रकं केली,
निवृत्तीनंतर बोटं शिवशिवत होती
कोणाचं तरी काहीतरी मांडून ठेवायला.

गुरुवार. युगांडा विरुद्ध डेन्मार्क.
ऑगस्ट आहे हे फक्त कॅलेंडरला माहीत.
युगांडाची पोरं स्वेटरावर स्वेटर चढवून,
त्यातले दोन उसने,
छातीवर भलत्याच शाळेचं बोधचिन्ह.

जोराम इसाबिर्ये, जिंजा गावचा.
नावाचं स्पेलिंग मी त्याला दोनदा विचारलं,
माझं कोणी कधी विचारलं नाही म्हणून.
बॅट त्याच्या मानाने एक माप मोठी,
कोणाची तरी जुनी, कडेला टेप.
पायांचं काम मात्र स्वतःचं:
फिरकीला तो असा पुढे यायचा
जसं शेजारच्या घरात कोणी न विचारता शिरावं.

अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास.
मग लेगला एक चोरटी धाव, आणि टाळ्या.
हेल्मेट काढलं त्याने, बॅट उचलली,
तंबूत कोणीतरी बिस्किटांचा डबा बडवला.
दोन चेंडूंनंतर बाद. मिडऑफला साधा झेल.
मी त्याच्या नावापुढे पन्नास लिहून
खाली दुहेरी रेघ ओढली.

चहाच्या वेळी ताळा जमेना.
म्हणजे बेरीज जमत होती,
एकशे सदतीस, दोघांचीही,
पण माझ्याकडे अवांतर अकरा, डेरेककडे बारा.
डेरेक काही बोलला नाही.
पेन्सिलीचं टोक एकतिसाव्या षटकावर ठेवलं फक्त.
तिथे त्याचा लेग बायचा छोटा त्रिकोण,
तिथे माझा एक.

खोडरबर पडला होता. मी वाकले होते.
पंचाने गुडघा थोपटला असणार,
डेरेकने हात वर केला असणार,
आणि त्याचा हात पाहून मीही.
न पाहिलेल्या खुणेला मी पोच दिली.

पगारात चुकलं तर पुढच्या महिन्यात वळतं करतात.
हे कोणत्या महिन्यात करायचं?
शाळेत बाई म्हणायच्या, हातचा एक विसरू नका.
तो नेमका कोणाच्या हातात असतो
हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

साइटस्क्रीनमागे तो फोनवर होता.
सगळं बोलणं त्यांच्या भाषेत,
फक्त फिफ्टी इंग्रजीत,
तीनदा.
मी गवताकडे बघत थांबले.
फोन ठेवल्यावर सांगितलं.

त्याने पँट गुडघ्याच्या वर ओढली.
लाल, गोल, शिवणीच्या ठशासकट.
'इथे लागला. मला माहीत होतं.'
मग बॅट का उचललीस रे?
'सगळे टाळ्या वाजवत होते.
थांबा म्हणणं उद्धट वाटलं.'
मग जरा वेळाने,
'आईला परत फोन करावा लागेल?'

मी म्हटलं, वही माझी आहे. फोन तुझा.

खोडलं. कागदावर पन्नासाचा वळ राहिला,
उजेडात तिरकं धरलं तर दिसतो.
त्याने फोन केला की नाही, मी विचारलं नाही.
ते माझ्या वहीबाहेरचं, खरंखुरं अवांतर.

शनिवारी नेपाळविरुद्ध तो सातावर गेला.
पण त्याआधी, दुसऱ्याच चेंडूला,
पॅडला लागून चेंडू पॉइंटकडे घरंगळला,
दोघं पळाले,
आणि पलीकडच्या टोकाला पोचता पोचता,
पंचाचा पाय अजून उचलायचाच होता,
त्याने आमच्या खोक्याकडे वळून
स्वतःचाच गुडघा थोपटला.

मी हात वर केला.
डेरेकच्या आधी.